‘पिशवी लावून रक्त कशाला मोजायचं?’

‘बाळंतपणात घाण रक्त जायलाच हवं. सुइणी नुसत्या नजरेनं ओळखायच्या. फार वाटलं तर पोट चोळावं, थांबतं. मापाची पिशवी बिल वाढवायला.’ बाळंतपणानंतर बाईच्या कमरेखाली लावून वाहणारं रक्त मोजायच्या पिशवीबद्दल हा मजकूर खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखा फिरतो. त्यातलं एकेक विधान घेऊ.

‘नजरेनं कळतं.’ हे तपासून झालंय, तेही बेळगाव जिल्ह्यातच. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं 2002 ते 2005 मध्ये इथल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आवळणाऱ्या गोळ्यांची चाचणी घेतली. रक्त नीट मोजता यावं म्हणून ‘ब्रास-व्ही’ ही आकडे छापलेली पिशवी त्याच चाचणीसाठी तयार झाली. नजरेचा अंदाज तिच्या मापापेक्षा सरासरी 33 टक्के कमी निघाला. म्हणजे 600 मिली गेलं तरी कागदावर 400 लागतं, आणि 500 ला अतिरक्तस्राव धरतात, त्यामुळे ती बाई ‘नॉर्मल’मध्ये जाते. सुईण असो की डॉक्टर, रक्त लुगड्यात मुरतं, कमरेखाली साचतं, लघवीत मिसळतं. डोळ्याला दिसणार किती?

पिशवी चुकीची लावली तर तीही फसवते. बाळ बाहेर आलं आणि गर्भजल वाहून गेलं की मगच ती कमरेखाली सरकवायची. आधी लावली तर पाणीही रक्तात मोजलं जातं. दोऱ्या पोटावर बांधायच्या आणि नरसाळ्यासारखं टोक खाटेच्या कडेवरून खाली लोंबतं सोडायचं. ते खाटेवरच दुमडून राहिलं तर रक्त वरच अडतं आणि आकडा खोटा पडतो. पिशवी नसेल तर भिजलेले कपडे तोलून कोरड्याचं वजन वजा करावं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.

‘घाण रक्त जायलाच हवं.’ नंतरचे काही आठवडे जो स्राव जातो तो वेगळा. वार सुटल्यावर वाहतं ते अंगातलंच ताजं रक्त. दिवस भरलेल्या गर्भाशयात मिनिटाला 500 ते 700 मिली रक्त खेळतं, आणि आकुंचन नीट झालं नाही की ते भळाभळा वाहतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तर थोडंही महागात पडतं.

‘चोळलं की थांबतं.’ कधी थांबतंही. पण चोळणं हा पाचातला एक उपाय. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारं 1 ग्रॅम ट्रानेक्झॅमिक ॲसिड (दहा मिनिटांत शिरेतून, बाळंतपणापासून तीन तासांच्या आत), सलाईन आणि जखम किंवा अडकलेली वार शोधणं, हे सगळं एकदमच सुरू करायचं. मूत्राशय भरलेलं असेल तर कितीही चोळा, गर्भाशय आवळत नाही. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि पावसाळ्यात वीज गेली की फ्रीजचं काय होतं हे खानापूरकरांना सांगायला नको. बेळगावच्या त्या चाचणीत 1,620 बायका होत्या. मिसोप्रोस्टॉलच्या 600 मायक्रोग्रॅम डोसनं अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 वर आला, आणि त्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही.

‘बिल वाढवायला.’ यात एक अर्धसत्य आहे. युरोपातल्या 13 देशांत नुसती पिशवी लावून पाहिली, गंभीर रक्तस्राव म्हणावा तसा घटला नाही. 2023 मध्ये चार आफ्रिकी देशांतल्या 80 रुग्णालयांचे निकाल आले. तिथे पिशवीसोबत वरचे पाचही उपाय लगेच केले, आणि गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. आकडा बघून कुणी हललंच नाही, तर पिशवी नुसतं प्लास्टिक.

2025 पासून जागतिक आरोग्य संघटना 500 ची वाट बघायला सांगत नाही. 300 मिली गेलं आणि नाडी 100 च्या वर असेल, तर तिथेच उपचार सुरू. रेफरच्या चिठ्ठीत ‘रक्तस्राव जास्त’ एवढंच नको. ‘11:40 वाजता 650 मिली, नाडी 124’ असं हवं. तेच फोनवर कळवलं तर खानापूर तालुक्यातल्या जांबोटीहून गाडी निघतानाच बेळगावात रक्ताची सोय सुरू होते.