पेट्रोल उडून जातं. पण जातं कुठे?

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि नाकात पेट्रोलचा वास. शेजारच्या मुलाच्या जुन्या बाइकमधून आईने वाटीभर पेट्रोल काढून आणवलं होतं. वाटी ओट्यावर, शेगडीपासून दोन हातांवर. शेगडीवर कैरीच्या लोणच्याची फोडणी. कारण? भिशीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: ‘बाटलीवरचं लेबल निघत नाही? कापसाने पेट्रोल लावा. ते उडून जातं, मागे काही उरत नाही, म्हणून खाण्याच्या बरण्यांनाही सुरक्षित!’ पुढे नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट आणि ‘कोणतंही भांडं गॅसवर तापवा’ हे उपाय. हे म्हणे पुण्यातल्या एका नामांकित शास्त्रज्ञांनी सांगितलंय. नामांकित, पण नाव नाही.

पेट्रोलने चिकटा निघतो, हे नाइलाजाने कबूल. पण उडून जातं म्हणजे काय होतं? त्याची वाफ होते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे खिडकीबाहेर जाण्याऐवजी फरशीवर पसरते, शेगडी किंवा देवघरातलं निरांजन गाठते आणि भडकते. ज्या गुणाला मेसेज ‘सुरक्षित’ म्हणतो, तोच जीवघेणा.

‘आम्ही रॉकेलने पुसायचोच की,’ आई म्हणाली. पुसत असाल. पण 1934 चा पेट्रोलियम कायदाच दोघांना एका रांगेत बसवत नाही. ज्याची वाफ 23 अंश सेल्सिअसच्या आतच ठिणगीने पेटू शकते, ते ‘अ’ वर्गात. पेट्रोल तिथे, रॉकेल त्याखालच्या ‘ब’ वर्गात. रॉकेल पस्तीस-चाळीस अंशांपर्यंत तरी तग धरतं. पेट्रोलची वाफ उणे 40 च्या आसपासही पेट घेऊ शकते. पुण्यातला मे महिना तर सोडाच, फ्रीजरमध्येही ते शहाण्यासारखं वागणार नाही. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं, आणि बेंझीनमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. त्या हातांनी लोणचं भरायचं?

नेलपॉलिश रिमूव्हर काचेवर आणि स्टीलवर चालेल, पण त्यात अ‍ॅसिटोन असेल तर अ‍ॅक्रिलिकचा डबा किंवा फ्रीजचा पारदर्शक ट्रे पांढुरका पडून चिरा जातील. टूथपेस्ट दातांना ठेवा.

भांडं तापवायचं म्हणाल, तर नव्या स्टीलच्या डब्याचा स्टिकर उष्णतेने खरंच सुटतो. पण ‘कोणतंही’ का? नॉनस्टिक तवा रिकामा तापवून त्याचा लेप घालवायचा? डब्यात कढत पाणी ओता, पाच मिनिटांनी एका कोपऱ्यापासून सावकाश सोला. तुळशीबागेतून आणलेले डबे मी असेच साफ केले.

लेबलचा डिंक बहुधा रबरासारखा असतो, पाण्यात विरघळत नाही, पण तेल पितो. वरचा कागद आधी ओला करून नखाने खरवडायचा, कारण त्यावर प्लॅस्टिकचा थर असेल तर तेल आत जातच नाही. मग गोडेतेल चोळून वीस मिनिटं थांबायचं. अंगठ्याने घासलं की चिकटा काळपट वळ्या होऊन निघतो. शेवटी भांड्यांचा साबण. आईच्या सहापैकी पाच बरण्या अशाच निघाल्या. सहावीला थोडं स्पिरिट लागलं, तेही शेगडी बंद करून, खिडकी उघडून.

वाटीतलं पेट्रोल बाइकवाल्याला परत दिलं. वाटी मात्र आता आमटीला घ्यायची नाही, असं म्हटलं तर आई म्हणाली, ‘स्टीलची आहे, घासली की झालं.’