पावसात हवा उतरवू नका: ऑल-टेरेन टायरविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

‘पिकअपवाल्यांनो, टायर घेण्याआधी हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश पावसाळा तोंडावर आल्यापासून व्हॉट्सॲपच्या गटागटांतून फिरतो आहे. अशा संदेशांना उत्तर देत बसण्याची मला हौस नाही. परंतु माझा भाचा नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून आळेफाट्यामार्गे माळशेज घाट उतरतो आणि पहाटेच्या आत कल्याणच्या बाजारात पोचतो. त्यानेच हा संदेश पुढे पाठवून ‘मामा, मागच्या चाकांची हवा वीसवर आणू का?’ असे विचारले, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

संदेशातील दावे थोडक्यात असे आहेत. ऑल-टेरेन टायर, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे जाड नक्षीचे टायर, चिखलात चालतात, त्यामुळे ओल्या डांबरावरही तेच सर्वांत सुरक्षित. पावसाळ्यात हवा २० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरील पौंडांत मोजलेला दाब) उतरवली की पकड वाढते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो हे सांगणारा कडेवरचा अंक, फक्त मोठ्या ट्रकसाठी असतो, म्हणून त्याच मापाचा मोटारीचा स्वस्त टायर पिकअपला खुशाल चालतो. माप एक पायरी मोठे घ्यावे. नक्षी शाबूत असेल तर कितीही जुना माल घ्यावा. आणि पैसे कमी पडत असतील तर मागचेच दोन टायर बदलावेत.

हवेचा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी त्याचा समाचार घेतो. ओल्या रस्त्यावर टायरला पुढ्यातले पाणी बाजूला सारून डांबराला टेकावे लागते, आणि हे काम आतल्या हवेचा दाब व नक्षीतल्या खाचा मिळून करतात. वेग वाढतो तसा चाकापुढे दाटणाऱ्या पाण्याचा दाब वाढत जातो. तो टायरमधल्या दाबाच्या बरोबरीला आला की चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. मग स्टिअरिंग हातात हलके लागते आणि ब्रेक दाबूनही गाडी आवरत नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या लँगली केंद्रातील वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या वेगाचे सूत्र दिले आहे आणि ते आजही शिकवले जाते. टायरमधल्या दाबाचा पीएसआयमधला आकडा घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढून १०.३५ ने गुणावे, की चाक तरंगू लागण्याचा वेग ताशी मैलांत मिळतो. ३६ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो. संदेशात सुचवलेल्या २० पीएसआयला तो ताशी ७५ किलोमीटरच्याही खाली उतरतो. म्हणजे ज्या उपायाने पकड वाढेल असे छातीठोकपणे सांगितले जात आहे, त्याच उपायाने पकड सुटण्याचा वेग जवळजवळ पंचवीस किलोमीटरने अलीकडे येतो.

हे सूत्र मुख्यतः विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून आले आणि नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त पाणी साचलेले असते तेव्हा ते नेमके लागू पडते, हे सांगितले पाहिजे. नवी, खोल नक्षी असेल तर टायर त्याहून अधिक वेगातही तग धरतो. परंतु पुणे–नाशिक महामार्गावर मुसळधार पावसात चाकोऱ्यांमध्ये साचणारे पाणी आणि हंगामाच्या शेवटी अर्ध्यावर झिजलेले टायर अशी जोडी जमली, तर सूत्र आणि रस्ता यांत फारसे अंतर राहत नाही. घाटात वेग कमी असतो, त्यामुळे तिथे तरी हवा उतरवायला हरकत नाही, असे कोणी म्हणेल. तेही चूक आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची कड अधिक वाकते, वाकण्याने आतून तापते आणि वळणावर भार एका बाजूला आला की आणखी तापते. पिकअप भरलेली असेल तर हाच ताण कितीतरी वाढतो. भरल्या पिकअपच्या मागच्या चाकांना किती हवा हवी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते, आणि तो आकडा रिकाम्या गाडीपेक्षा जास्त असतो. संदेश लिहिणाऱ्याने ती पट्टी वाचली असती तर भरलेल्या गाडीला वीसचा आकडा सुचवलाच नसता.

या बाबतीत एक प्रसिद्ध प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांत ‘वाइल्डरनेस एटी’ हे ऑल-टेरेन टायर होते आणि त्यांतील बहुसंख्य फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर बसवलेले होते. महामार्गाच्या वेगात, उष्ण हवामानात टायरचा वरचा थर सुटून येत असे आणि गाडी उलटत असे. दोष टायरच्या आतील पोलादी पट्ट्यांच्या बांधणीत असल्याचे तेथील सरकारी यंत्रणेने ठरवले. तथापि फोर्डने सुचवलेली २६ पीएसआय हवा कमी असल्याने उष्णता वाढली, असा टायर कंपनीचा दावा होता आणि त्यावरून दोन्ही कंपन्यांत जाहीर वाद झाला. ज्या देशात सव्वीस पुरेसे की नाही यावर एवढे रण माजले, तेथील अनुभव समोर असताना आपल्याकडे भरलेल्या पिकअपला वीस सुचवले जावे, याचा मला संताप येतो.

या दाव्यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी काढताना हवा उतरवल्याने टायर लांबट पसरतो, जमिनीवरचा दाब कमी होतो आणि गाडी निघते. शेतातून, माणसाच्या चालीने, आणि डांबरी लागण्याआधी पुन्हा हवा भरण्याची सोय असेल तर हे करावे. सिगारेट लायटरच्या जागी जोडायचा बारा व्होल्टचा पंप आणि दाब मोजायचा साधा गेज गाडीत असल्याशिवाय मात्र व्हॉल्व्हला हात लावू नये.

लोड इंडेक्सचा दावा दुसऱ्या क्रमांकाचा धोकादायक आहे, कारण स्वस्त टायर शोधणारा माणूस नेमका इथेच फसतो. मापाच्या आकड्यांनंतर येणारा अंक हा एका टायरने पेलायच्या कमाल भाराचा संकेत असतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. १०६/१०४ असे दोन अंक असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. आता १०६ ऐवजी १०० चे टायर मागे बसवले तर त्या आसावर ३०० किलोंची क्षमता घटते, म्हणजे टोमॅटोचे वीस-वीस किलोंचे पंधरा क्रेट. गाडी तेवढे क्रेट भरून निघेल, ती अडणार नाही. टायर मात्र रोज आपल्या मर्यादेपलीकडे चालत राहील आणि एखाद्या दुपारी भर रस्त्यात फुटेल. आपल्याकडे मोटारींच्या टायरसाठी आयएस १५६३३ आणि व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ अशी वेगवेगळी भारतीय मानके आहेत, ती उगाच नाहीत. दुकानदाराने ‘माप तेच आहे’ असे सांगितले तर ‘लोड इंडेक्स किती आणि कमाल हवा किती’ हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर कडेवर छापलेले असते, बोटाने दाखवता येते.

ऑल-टेरेन टायर सगळीकडे सरस असतात, हा दावा निर्मात्यांच्या जाहिरातींतून उचललेला आहे. बटणांसारख्या मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीत मधली जागा जास्त असते. चिखल बाहेर फेकण्यासाठी ती लागते, पण तेवढे रबर डांबराला कमी टेकते. त्यातच दगडाने कापले जाऊ नये म्हणून रबर बहुधा कठीण ठेवलेले असते. त्यामुळे चांगल्या हायवे टायरच्या तुलनेत ओल्या डांबरावर थांबण्याचे अंतर बहुतेकदा वाढते, आवाज वाढतो आणि डिझेलही जास्त लागते. मुरमाच्या रस्त्यावर, खडीवर आणि बांधावरच्या धारदार दगडांवर त्यांची जाड कड खरोखर कामी येते, हे मला मान्य आहे. पण शेतापासून डांबरीपर्यंत एखाद-दोन किलोमीटर आणि पुढे शंभरावर किलोमीटर महामार्ग अशी ज्याची रोजची फेरी आहे, त्याने ठोकळ्यांत बारीक चिरा असलेली सौम्य ऑल-टेरेन नक्षी घ्यावी, किंवा सरळ मजबूत हायवे टायर घ्यावा. कडेवरचे ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) पाहून भुलू नये. ते चिन्ह निर्माता नक्षीच्या रचनेवरून स्वतःच लावतो, त्यामागे कोणतीही सक्तीची चाचणी नसते.

मोठ्या मापाबद्दल एवढेच सांगतो. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर असतो आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. काटा ८० दाखवत असताना गाडी ८३ च्या पुढे धावत असते, चढावर इंजिनाला अधिक ओढावे लागते आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता असते. जुन्या मालाबद्दल त्याहूनही थोडक्यात सांगता येते. कडेवर ‘डीओटी’पासून सुरू होणाऱ्या संकेताचे शेवटचे चार अंक पाहावेत, २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. रबर न वापरताही कठीण होते, खाचांच्या तळाशी बारीक भेगा पडतात आणि ओल्यावर त्याची पकड जाते. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर चारचाकीवर वापरण्याची केंद्रीय मोटार वाहन नियमांतच मनाई आहे, पण नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला आहे, असा त्याचा उलटा अर्थ होत नाही.

मागचे दोनच बदलण्याचा सल्ला मात्र मला पूर्ण खोडून काढता येत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना पुढे रिब (सलग उभ्या पट्ट्यांची) आणि मागे लग (आडव्या जाड ठोकळ्यांची) नक्षी घालण्याची पद्धत ट्रकवाल्यांत जुनी आहे, आणि चारही टायर एकदम घेणे प्रत्येकाला परवडत नाही. तेव्हा इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाणाऱ्या पिकअपला एकाच कंपनीची, एकाच नक्षीची आणि योग्य लोड इंडेक्सची नवी जोडी मागे घालण्यास हरकत नाही. मात्र पुढचे टायर गोटा झालेले नसावेत, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना मागची बाजू फेकली जाते का हे आधी रिकाम्या गाडीने, मोकळ्या जागी, कमी वेगात पाहून घ्यावे. फोर बाय फोर गाडीला हा सल्ला अजिबात लागू होत नाही. पुढच्या आणि मागच्या टायरांच्या घेरात फरक पडला की फोर व्हील लावल्यावर ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीवर, सतत ताण येतो, आणि दोन टायरांत वाचलेले पैसे त्याच्या दुरुस्तीला पुरत नाहीत.