तारीख एक, दिवस दोन

जागतिक पुस्तक दिन जवळ आला की दरवर्षी एक मजकूर फिरायला लागतो: ‘‘डॉन किहोते’चा लेखक सर्व्हान्तेस आणि शेक्सपिअर, दोघेही २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी गेले. शेक्सपिअरचा जन्मही २३ एप्रिलचाच. म्हणून युनेस्कोने हा दिवस निवडला.’

एकाच दिवशी? नाही. स्पेनने १५८२ मध्येच आजची ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती. त्या ऑक्टोबरात ४ तारखेनंतर थेट १५ उजाडली. इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेलाच धरून होतं. १६१६ मध्ये दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डमध्ये शेक्सपिअर गेला, त्या दिवशी माद्रिदमध्ये ३ मे होता.

शिवाय सर्व्हान्तेसची तारीखही बहुधा २३ नव्हे. माद्रिदच्या सान सेबास्तियान चर्चच्या वहीत २३ एप्रिल आहे खरा, पण अशा वह्यांत दफनाचा दिवस लिहायची रीत होती. त्यामुळे बहुतेक अभ्यासक मृत्यू २२ तारखेचा धरतात. १९ एप्रिलला त्याने आपल्या शेवटच्या कादंबरीची अर्पणपत्रिका लिहिली. मरणासन्न माणसासाठीचे धार्मिक विधी काल उरकले आणि आज हे लिहितो आहे, असं त्यात तो स्वतःच सांगतो. इतका जिवंत पुरावा असताना लोकांना योगायोगच का हवा असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शेक्सपिअरच्या जन्मतारखेची नोंदच नाही. आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची. २३ हा अंदाज.

युनेस्कोचा मुद्दा अर्धा खरा. १९९५ मध्ये हा दिवस ठरवताना ही दोन्ही नावं पुढे केली गेली. पण स्पेनमधल्या कॅटलोनियात १९३० पासूनच २३ एप्रिलला, संत जॉर्जच्या सणाला, पुस्तक दिन होत होता. त्याआधी, १९२६ पासून, तो सर्व्हान्तेसचा जन्मदिन मानून ७ ऑक्टोबरला व्हायचा.

या दोघांत खरा धागा आहे, आणि तो तारखेत नाही. ‘डॉन किहोते’च्या पहिल्या भागात प्रेमभंगाने वेडापिसा होऊन डोंगरात भटकणारा कार्देनिओ भेटतो. शेल्टनने केलेला इंग्रजी अनुवाद १६१२ मध्ये छापला गेला. पुढच्याच वर्षी शेक्सपिअरच्या नाटक मंडळीने दरबारात ‘कार्देनिओ’ नावाचं नाटक केलं. १६५३ च्या एका नोंदीत त्याचे लेखक म्हणून नाटककार जॉन फ्लेचर आणि शेक्सपिअर यांची नावं आहेत. संहिता हरवली. १७२७ मध्ये नाटककार थिओबाल्डने रंगभूमीवर आणलेल्या ‘डबल फॉल्सहुड’ या नाटकामध्ये तिचे काही अंश उरले असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात.