रिपोर्टची वाट पाहा असं म्हटलंय कुठे?

नमस्कार. "कल्चरचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात, तोवर आयसीयूतला पेशंट तुमचा लेख वाचत बसणार का? निपाणी-खानापूरच्या छोट्या दवाखान्यांना हे पुस्तकी सल्ले परवडत नाहीत," असं तुम्ही लिहिलंय. टोमणा झकास आहे, पण अँटिबायोटिकआधी कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्या, एवढंच माझ्या लेखात आहे; रिपोर्टची वाट पाहा असं कुठेच नाही. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायलाच हवा. प्रश्न त्याआधीच्या दहा मिनिटांचा आहे.

तेवढ्या वेळात रक्ताचं कल्चर घेऊन होतं. मोठ्या माणसाला दोन वेगळ्या जागी टोचायचं, प्रत्येक जागेच्या दोन बाटल्या, बाटलीत ८ ते १० मिली रक्त. कातडीला लावलेलं स्पिरिट वाळू द्यायचं, नाहीतर कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात आणि त्यांच्यासाठी व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक उगाच सुरू होतं! प्रत्यक्षात मेरोपेनेमसारखं जबर अँटिबायोटिक आधी जातं, ताप हटला नाही की दुसऱ्या दिवशी एकाच बाटलीत जेमतेम ३ मिली रक्त. रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ', जंतू वाढलेच नाहीत. मग जबर औषध साध्यावर उतरवायचं कशाच्या जोरावर? मेरोपेनेम चालूच राहतं, साधे जंतू मरतात आणि एनडीएम जनुकवाल्या, म्हणजे मेरोपेनेमलाही न जुमानणाऱ्या क्लेब्सिएला जंतूला रान मोकळं मिळतं. हे जनुक सहसा प्लाझमिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतं, म्हणजे दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देता येतं. पुढच्या खाटेपर्यंत न्यायला आपले न धुतलेले हात आहेतच.

छोट्या दवाखान्यांना लॅब लांब पडते, एवढं मात्र खरं आहे. नमुना बेळगावला पाठवायचा तर लघवी दोन तासांत पोचणार नसेल तेव्हा ४ अंशांवर ठेवावी, पण रक्ताच्या बाटलीला बर्फ अजिबात नको. ती खोलीच्या तापमानालाच जाऊ द्या. दोन्ही एकाच आइसबॉक्समध्ये कोंबले की रक्ताचं कल्चर वाया जाण्याचा धोका.

लघवी कॅथेटरच्या पिशवीतून काढू नका, तिथे जंतू साचलेलेच असतात. नळीवरचा पोर्ट पुसून सिरिंजने घ्या. ताप नाही, दुखणं नाही, नुसत्या रिपोर्टात जंतूंच्या एक लाख कॉलनी आहेत म्हणून कोलिस्टिन हे शेवटच्या फळीचं अँटिबायोटिक देणं म्हणजे पेशंटच्या किडनीशी खेळ.

आणि ते तीन दिवस. ऑटोमेटेड मशिनमध्ये बाटली बऱ्याचदा दिवसभरातच पॉझिटिव्ह होते (जंतू वाढल्याचं कळतं) आणि ग्रॅम स्टेनचा, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याचा, निकाल लॅबवाले फोनवर सांगू शकतात. पेशंटला तोवर चिकोडीहून मिरजेला किंवा कोल्हापूरला हलवलेलं असलं, तर तो फोन चिकोडीतच वाजतो. म्हणून रेफरल चिठ्ठीवर कल्चर किती वाजता घेतलं, पहिला डोस कधी दिला आणि लॅबचा नंबर, एवढं लिहाच.