पेड्रोचा माइक वॉट

"एवढा मोठा माणूस, पण किती साधा!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं. जणू साधं राहून त्याने आपल्यावर उपकारच केले. म्हणून अमेरिकेतल्या पंक रॉकचा बेस गिटारवाला माइक वॉट याच्याबद्दल लिहिताना ते वाक्य येणार नाही. त्याच्या साधेपणात स्वभाव असेलच, पण हिशेब जास्त आहे.

लॉस एंजेलिसचं बंदर जिथे आहे ते सॅन पेड्रो हे त्याचं गाव. क्रेन, कंटेनर, गोदीतली माणसं. (मी उरणचा, त्यामुळे अर्धा तिथेच पाघळलो.) वडील नौदलात, इंजिनरूमला. वॉट तेरा वर्षांचा असताना झाडावरून एका पोराने त्याच्या अंगावर उडी मारली. तो डी. बून. मग दोघं एकमेकांना चिकटलेच. बूनच्या आईने बूनला गिटार, वॉटला बेस (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) वाजवायला सांगितलं. बेस म्हणजे नक्की काय हेच वॉटला ठाऊक नव्हतं, साध्या गिटारलाच चार तारा ठेवल्या की झाला बेस, असा त्याचा समज! १९८० मध्ये त्यांचा मिनिटमेन हा बँड उभा राहिला आणि ड्रमवर जॉर्ज हर्ली बसला.

पंक म्हणजे नुसता आरडाओरडा असं वाटत असेल तर यांना ऐका. दीड-दोन मिनिटांत गाणं खलास. त्यात फंक, जॅझ, राजकारण, मधेच थट्टा. बून मुद्दाम गिटारचा आवाज पातळ आणि टोकदार ठेवायचा, बेसला आणि ड्रमला जागा मिळावी म्हणून. समतेवर गाणी लिहिणारे पुष्कळ असतात, पण अँप्लिफायरच्या खुंट्या फिरवताना समता आठवणारे किती?

त्यांचा शब्द होता 'इकोनो'. म्हणजे कमी खर्चात, स्वतःच्या हाताने. व्हॅन स्वतः चालवायची, सामान स्वतः उचलायचं, स्टुडिओ रात्री उशिराचा घ्यायचा कारण तेव्हा दर कमी. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखंच की! पेटी-पखवाज टेम्पोत स्वतःच चढवायचा, रात्रभर गायचं आणि सकाळी ड्युटीवर. खर्च कमी म्हणजे उधारी कमी, उधारी कमी म्हणजे काय वाजवायचं हे सांगणारा कोणी मालक नाही.

१९८४ चा त्यांचा 'डबल निकल्स ऑन द डाइम' हा दुहेरी अल्बम जेमतेम अकराशे डॉलरमध्ये झाला, आणि त्यात चाळिसाहून जास्त गाणी! नावात खोड आहे: निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं, दोन पाच म्हणजे ५५; डाइम म्हणजे दहा सेंटचं, म्हणजे १० नंबरचा हायवे. तेव्हा अमेरिकेत हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा होती आणि एक मोठा रॉकवाला ती पाळणार नाही म्हणून गाण्यात मिरवत होता. हे म्हणाले, आम्ही १० नंबरच्या हायवेवर बरोब्बर ५५ नेच जाऊ, धाडस काय ते गाण्यात करू. मुखपृष्ठावर वॉट गाडी चालवतोय आणि काटा ५५ वर. मला तर हा रॉकमधला सगळ्यात भारी टोमणा वाटतो.

२२ डिसेंबर १९८५ ला व्हॅनच्या अपघातात बून गेला. वय २७. वॉटने वाजवणंच सोडलं होतं. मग ओहायोचा एड क्रॉफर्ड नावाचा चाहता थेट पेड्रोला येऊन थडकला आणि मागेच लागला. त्यातून फायरहोझ हा नवा बँड उभा राहिला, हर्लीसकट. त्या बँडचे सगळे अल्बम बूनला अर्पण आहेत. पुढे २००३ पासून वॉट इगी पॉप या रॉक गायकाच्या स्टूजेस बँडमध्येही बेस वाजवायचा. एवढ्या मोठ्या स्टेजवर जाऊनही स्वतःच्या दौऱ्याला व्हॅनच, आणि रात्री कुणा ओळखीच्याच्या घरी जमिनीवर पथारी. कुणाला हे दारिद्र्य वाटेल, मला चैन वाटते.

'डबल निकल्स' ऐकायचाच असेल तर मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये ऐका. लाँच सुटली की पहिलं गाणं लावा. एखादं नाही आवडलं तरी न्हावा शेव्याच्या क्रेन नजरेआड व्हायच्या आत पुढचं सुरू झालेलं असतं. धक्का येईपर्यंत पंचवीसेक गाणी सहज होतात. उरलेली परतीला.