वेंगुर्ल्याचा गोवा कशाला करायचा?

गावच्या ग्रुपवर आणि सुट्टीत ओटीवर बसलं की हल्ली एकच विषय निघतो: ‘वेंगुर्ल्याचो गोवा कधी होतलो?’ सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं १९९७ साली. २०२१ मध्ये आमच्याच वेंगुर्ला तालुक्यात चिपीला विमानतळ आला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस गोव्यात मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि तिथे उतरलेला पाहुणा दक्षिणेला वळतो, आपल्याकडे येत नाही, ही सगळ्यांची तक्रार. शिरोड्याजवळ वेळागरच्या किनाऱ्यावरच्या पंचतारांकित हॉटेलचा वाद तर एक पिढी चालू आहे. माझ्या बरोबरीच्या मुलांना गावात रोजगार हवा होता, तो मिळाला नाही, म्हणून मीही बाहेर पडलो. त्यामुळे ही तळमळ मला परकी नाही. पण हॉटेल आणि धावपट्टी यांच्यापुढे ही चर्चा सरकत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी नेदरलँड्समध्ये राहतो. घरापासून गाडीने थोड्या अंतरावर होर्न नावाचं बंदराचं गाव आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीची जी सहा कार्यालयं होती, त्यांतलं एक इथे होतं. याच कंपनीने १७ व्या शतकात वेंगुर्ल्याला वखार उघडली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तांदूळ, पाणी, लाकूड आणि बातम्या इथून पुरायच्या. वखारीतून बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) गेलेल्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचाली नोंदवलेल्या आहेत. मराठ्यांच्या इतिहासासाठी अभ्यासक ती आजही उघडतात. होर्नमध्ये त्या काळातल्या साध्या गोदामाचीही डागडुजी होते, दारावर पाटी असते. वेंगुर्ल्याची वखार मी शेवटची पाहिली तेव्हा वर छप्पर नव्हतं आणि भिंतींच्या सांध्यांतून झाडांची मुळं बाहेर आली होती.

‘परक्यांची वखार आपण कशाला जपायची?’ असं मला गावातल्या एका शिकलेल्या माणसाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. होर्नच्या चौकात यान पीटरसून कून या कंपनीच्या गव्हर्नर जनरलचा पुतळा आहे. १६२१ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर याच माणसाने कत्तल घडवली. गावात त्यावर मोठा वाद झाला. पुतळा राहिला, पण २०१२ पासून खालच्या पाटीवर ती कत्तलही लिहिलेली आहे. जपणं म्हणजे आरती ओवाळणं नव्हे. वखारीचा चिरा आपल्या गड्यांनी रचला, तिथला माल आपल्या बाजारातून गेला. तो आपल्या बंदराचा इतिहास आहे, आणि तो आपण आपल्या शब्दांत सांगायला हवा.

एका बाबतीत मात्र होर्नने वेंगुर्ल्याचा हेवा करावा. होर्नच्या बंदरात आता बहुतेक हौशी लोकांच्या शिडाच्या बोटी उभ्या असतात. वेंगुर्ल्याच्या बंदरावर सकाळी होड्या लागतात, बांगडा, पेडवे, सुंगटं उतरतात, टोपल्यांभोवती घासाघीस चालते आणि दुपारी तोच बांगडा तिरफळं घालून तिखलं होऊन ताटात येतो. जेमतेम १२ हजार वस्तीच्या या शहरात चांगली खानावळ शोधायला लागत नाही. उन्हाळ्यात ओल्या काजूची उसळ मिळते, सकाळी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. शिरवाळे करणारं घर ओळखीचं असलं तर नशीब समजा: उकडीच्या गोळ्यांतून साच्याने पाडलेल्या गरम शेवया आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. युरोपातल्या कुठल्याही हॉटेलात मी याच्या तोडीचं गोड खाल्लेलं नाही, आणि हे मी घरच्या ओढीने म्हणत नाही.

जेवणाइतकाच दशावतार. भातकापणी आटोपली की कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. देवळासमोर रात्री उशिरा संकासुर राक्षसाचं सोंग येतं, मग आख्यान लागतं ते उजाडेपर्यंत. संवाद लिहिलेले नसतात. पायपेटी आणि मृदंगाच्या साथीने नट जागच्या जागी रचतात. दिवसा वाडीत कष्ट करणारा माणूस रात्री दोन वाजता द्रौपदी होऊन अख्ख्या अंगणाला गप्प करतो. हे दाखवायला रिसॉर्टच्या लॉनवर वीस मिनिटांचा ‘शो’ ठेवू लागले आहेत, त्याला माझा ठाम विरोध आहे. पाहुण्याला जत्रेत न्यावं, मळ्यातल्या चटईवर बसवावं, खाजं घेऊन द्यावं.

गावाला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. वेंगुर्ल्याच्याच नगर परिषदेने कचरा वेगळा करायची शिस्त लावून जुन्या कचरा डेपोचं उद्यान केलं, आणि ते बघायला बाहेरगावचे लोक आले. त्या मानाने वखारीवर छप्पर चढवणं अवघड नाही. डच कंपनीची कागदपत्रं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वेंगुर्ल्याच्या पत्रांच्या प्रती आणून, मराठीत करून, वखारीच्या दोन खोल्यांत लावता येतील. डच वाचणारी मराठी माणसं इथे नेदरलँड्समध्ये आहेत, त्यांत मीही आहे. आम्ही हे काम बिनमोबदला करू.

तोवर वाचकांनी वाट पाहू नये. कोकण रेल्वेने कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरा, एस.टी. धरा. घरगुती मुक्काम घ्या म्हणजे पैसा गावात राहील. आरवलीला ग्रामदैवत वेतोबाच्या पायाशी भक्तांनी वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड बघा, शिरोड्याला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा विचारा. आणि यायचं तर पावसाळा संपल्यावर, जत्रांच्या दिवसांत या.