खुलासा : चिनी वैद्यकात प्रत्येक गळू म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

‘चिनी वैद्यकानुसार गळू म्हणजे अंगातली उष्णता, थंड औषधी घेतल्या की अँटिबायोटिक लागत नाही,’ असा मजकूर फिरतो आहे. तो अर्धवट आहे, म्हणूनच घातक.

लाल, गरम, ठणकणाऱ्या गळवाला तिथे ‘उष्ण विष’ मानतात, हे खरं. त्यावर १७४२ च्या, चिनी सम्राटाच्या आज्ञेने तयार झालेल्या वैद्यकग्रंथातला पाच वनस्पतींचा काढा आहे. हनीसकलची फुलं, रानशेवंती, डँडेलियन त्यातलीच. पण गाठ फिकट, पसरट, हाताला गार आणि पू पाण्यासारखा पातळ असेल, तर तो ‘यिन’, म्हणजे थंड प्रकार. त्यावर हाच काढा दिला तर रक्त थिजतं आणि गाठ दगडासारखी बसून राहते, असं तेच वैद्यक बजावतं. पू धरण्याआधी जिरवायचं, धरल्यावर बाहेर ढकलायचं, फुटल्यावर ताकद भरून काढायची, असा त्यांचा क्रम.

नाक-ओठांजवळचं गळू तर पिळायचं नाहीच. विष रक्तात पसरलं की त्याला ‘झोउह्वांग’ म्हणतात. आजच्या भाषेत सेप्सिस. ताप, हुडहुडी किंवा गळवापासून निघालेली लाल रेघ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चीनमधल्या रुग्णालयांतही अशा वेळी अँटिबायोटिक देतात, चीर देऊन पू काढतात.